कुडाळहून फातोर्ड्याला मॅच बघायला जायचंय? आधी परत यायचं ठरवा

कुडाळच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगा अकरा वर्षांचा, फुटबॉलचं भूत डोक्यात शिरलेलं, त्याला फातोर्ड्याला, म्हणजे गोव्यात मडगावच्या स्टेडियमला, एफसी गोवाची मॅच दाखवायचीये, घरून चौघं, म्हणजे नवरा-बायको, मुलगा आणि सासूबाई (त्या स्वतःहूनच म्हणाल्या मी पण येते), तर तिकीट कुठून काढायचं, ट्रेनने जायचं की गाडीने, बसायचं कुठे आणि रात्री परत घरी येता येईल का. मी सावंतवाडीला पोरांना फुटबॉल शिकवतो आणि दर सीझनला पोरं, त्यांचे आईबाप, कधी आजी-आजोबा अशी गाडी भरून फातोर्ड्याला नेतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

शेवटचा प्रश्न पहिला घेतो कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. लोक तिकिटापासून सुरुवात करतात आणि मॅच सुटल्यावर फातोर्ड्याच्या रस्त्यावर उभं राहून आता काय करूया म्हणून विचारतात. हिशोब सोपा आहे. संध्याकाळची मॅच बहुतेक साडेसातची असते, 45 मिनिटं, मग 15 मिनिटं हाफटाइम, परत 45, दोन्ही हाफला वरची जादा मिनिटं, म्हणजे शेवटची शिट्टी साडेनऊच्या आसपास. त्यातनं स्टँड उतरून, गर्दीतनं गाडीपर्यंत पोचून, पार्किंगमधनं बाहेर पडेपर्यंत दहा वाजले म्हणायचे. कोकणकन्या एक्स्प्रेस मडगावहून संध्याकाळीच सुटते, ती तोपर्यंत केव्हाच गेलेली असते. कदंबच्या (गोव्याची सरकारी बस) पणजी शटलच्या आणि पुढे आपल्या एसटीच्या भरवशावर तर त्या वेळी मुळीच राहू नका, म्हातारं माणूस आणि पेंगुळलेलं पोर घेऊन तर नाहीच नाही.

म्हणजे उरले दोन मार्ग. एक, स्वतःची किंवा ठरवलेली गाडी आणि रात्री एकच्या आसपास कुडाळ. दोन, मडगावला एक रात्र मुक्काम आणि सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने आरामात घरी. सासूबाई बरोबर आहेत म्हणून माझं मत विचाराल तर दुसरा. खर्च थोडा वाढतो, पण मॅचच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही आणि खरा खेळ बऱ्याचदा तेव्हाच असतो, पाय थकलेले असतात, जागा मोकळ्या होतात, बदली खेळाडू आलेले असतात. 85 व्या मिनिटाला उठून पार्किंगकडे पळणारे लोक मी दरवेळी बघतो, आणि मागून गोलचा आवाज आला की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

ट्रेनचं सांगतो. कुडाळहून मडगाव म्हणजे साधारण दोन तासांचा प्रवास, गाडी वेळेत असेल तर. सकाळी कोकणकन्या आहे, दुपारच्या सुमाराला जनशताब्दी आहे, दोन्ही कुडाळला थांबतात. मांडवी पण आहे पण ती मडगावला उशिरा दुपारी किंवा संध्याकाळी पोचते आणि रस्त्यात कुठे क्रॉसिंगला अडकली तर तुमची किकऑफ, म्हणजे मॅचची सुरुवात, गेली, म्हणून जाताना मांडवी नको, येताना मांडवी. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं आणि मॅचच्या तारखा कधी त्यानंतर येतात, कधी आलेल्या बदलतात, त्यामुळे वेटिंगचं तिकीट हातात येण्याची शक्यता धरूनच चला. दोन तासांसाठी जनरलचा डबा पण चालतो म्हणा, पण सणासुदीत त्यात पाय ठेवायला मिळत नाही, सासूबाईंसाठी तरी सीट बुक करा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते, आपल्याला माहीत असूनही विसरायला होते, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांच्या वेळा वेगळ्या असतात, वेग कमी असतो. सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू झाला तर पहिल्या काही मॅच ह्याच दिवसांत येतात, त्यामुळे मागच्या डिसेंबरात गेलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली वेळ धरून स्टेशनवर जाऊ नका.

गाडीने जाणार असाल तर सरळ रस्ता म्हणजे सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, पणजी, आगशी, झुआरीचा पूल, वेर्णा, नुवे आणि मग फातोर्डा. सावंतवाडीहून नव्वद किलोमीटरच्या आसपास, कुडाळहून त्यात वीसेक अजून. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून (एक बाजू 2022 च्या शेवटी उघडली, दुसरी त्यानंतर वर्षभराने) त्या टोकाचं हाल पुष्कळ कमी झालंय, जुन्या पुलावर कुठ्ठाळीला जे तासन् तास लोंबकळायला लागायचं ते आता तेवढं राहिलं नाही. पण एका जागचं दुखणं दुसरीकडे गेलं, पर्वरीला उड्डाणपुलाचं काम काढल्यापासून तिथे डायव्हर्जन. मी गुगल जे सांगेल त्याच्यावर सरळ एक तास चढवतो. कामाच्या दिवशी साडेसातच्या मॅचला जाणारा माणूस नेमका ऑफिस सुटण्याच्या वेळी पणजीतनं जातो हे ध्यानात घ्या.

ह्यावर सासूबाईंसकट सगळ्यांना पटणारा उपाय आहे. सकाळी लवकर निघा, पणजीहून जुन्या गोव्याच्या अंगाने मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा असं करत फोंड्याकडून बोरीच्या पुलावरून मडगावात उतरा. झुआरीचा मोठा पूल लागतच नाही, देवदर्शन होतं, आपल्याकडे निम्म्या घरांचं कुलदैवत त्याच पट्ट्यात आहे म्हणजे ओटी भरायची राहिलेलीच असते. मी पालकांचा ग्रुप नेतो तेव्हा बहुतेक वेळा हाच मार्ग धरतो, आज्या खूष, आणि त्या खूष असल्या की पुढच्या वेळी पोराला मॅचला पाठवायला घरून नाही येत नाही. फक्त दुपारी जेवून मडगावला खोलीवर एक-दोन तास पडा. दिवसभर देवळं करून रात्री साडेनऊपर्यंत ढोलांच्या आवाजात बसणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं.

रात्रीच परत यायचं पक्कं असेल तर ड्रायव्हर ठरवा, आणि त्याला दुपारी झोपायला लावा, मॅच बघायला आत नेऊ नका. तुमचे मिस्टर स्वतः चालवणार असतील तर त्यांनी सकाळपासून गाडी, मग मॅच, मग परत तीन तास गाडी हे करू नये असं मी स्पष्ट सांगेन. रात्री हायवेवर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसते. बाइकवरून जाणाऱ्या पोरांना तर मी माझ्या ग्रुपमध्ये घेतच नाही. 2022 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग, एफसी गोवा खेळते ती देशाची लीग) फायनलला केरळहून बाइकवर निघालेले दोन तरुण कासरगोडजवळ अपघातात गेले, ती बातमी मी दर सीझनच्या सुरुवातीला पोरांना सांगतो, आवडो न आवडो.

गाडी भाड्याची असेल तर टुरिस्ट परमिट, गोव्यात शिरायचा टॅक्स वगैरे मालकाकडून आधी पक्कं करून घ्या, पत्रादेवीला त्यावरून वाद घालत बसायला तुमच्याकडे वेळ नसणार. आणि येताना महाराष्ट्रात शिरल्यावर इन्सुलीचा एक्साइज नाका. कोणी काका-मामा बरोबर असतील आणि गोव्यात स्वस्त म्हणून डिकीत बाटल्या टाकल्या असतील तर परमिटशिवाय दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, रात्री एक वाजता एक्साइजवाल्यांनी गाडी बाजूला घेतली की झोपलेल्या पोरासकट सगळे रस्त्यावर. ग्रुपमध्ये निघण्याआधी मी हे सगळ्यांसमोर बोलतो, एकेकट्याला सांगितलं की त्याला राग येतो.

आता कुठली मॅच निवडायची. तारखा बघायच्या त्या फक्त क्लबच्या आणि लीगच्या अधिकृत पेजवर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर नाही. वेळापत्रक बदलतं, आणि 2025 ला तर लीगच्या कराराचा घोळ होऊन अख्खा सीझनच नेहमीच्या वेळी सुरू झाला नाही. तेव्हा खोली बुक करताना कॅन्सल करता येणारी करा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. काही दिवस मी डोळे मिटून टाळतो. चतुर्थीच्या अलीकडे-पलीकडे ट्रेन विसरा. नोव्हेंबरच्या शेवटी पणजीत इफ्फी, म्हणजे सिनेमांचा महोत्सव, असतो, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याच्या चर्चचं फेस्त, म्हणजे उत्सव, मग नाताळ ते नववर्ष, पुढे कार्निव्हल, ह्या दिवसांत खोल्यांचे भाव आणि रस्ते दोन्ही हाताबाहेर जातात. आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवशी मॅच आली तर तुमच्या सासूबाई येणार नाहीत हे मी इथूनच सांगतो.

पाऊस. ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेला असं समजू नका. ह्याच फातोर्ड्याला 24 ऑक्टोबर 2010 ला भारत-ऑस्ट्रेलिया वनडे होती (हो, इथे क्रिकेट पण व्हायचं), एकही बॉल न टाकता रद्द झाली. फुटबॉल पावसात चालू राहतो, पण तुम्ही भिजता, छत्री आत नेऊ देत नाहीत, म्हणून पातळ रेनकोट पिशवीत. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस किंवा जानेवारी, आणि तोही शक्यतो शनिवार. दुसऱ्या दिवशी शाळा असलेली मॅच नको.

समोरची टीम कोण हे पण बघा. केरळा ब्लास्टर्स आली की पिवळ्या जर्सीवाले ट्रेन भरभरून येतात, बंगळुरूचेही बरेच येतात, वातावरण जबरदस्त होतं पण तिकिटं लवकर उडतात आणि बाहेर पडताना रेटारेटी असते. पहिल्या खेपेला मी मधली मॅच सुचवीन, जिथे स्टेडियम अर्धं-पाऊण भरलेलं असतं, पोराला हवी तिथे जागा मिळते, आजीला पाय पसरता येतात. मोठ्या मॅचला दुसऱ्यांदा जा. आणि खेळाडूच्या नावावर तिकीट काढू नका. 22 ऑक्टोबर 2025 ला अल नस्र, रोनाल्डोची सौदी टीम, फातोर्ड्याला आलं होतं, एशियाच्या स्पर्धेत, सगळ्या कोकणात रोनाल्डो येणार रोनाल्डो येणार चाललेलं, तो आलाच नाही. मॅच मात्र झकास झाली, एफसी गोवा 2-1 ने हरलं पण ब्रायसन फर्नांडिसने सौदीच्या त्या टीमवर गोल मारला, आणि जे खेळ बघायला गेले होते ते खूष होऊन परत आले, जे रोनाल्डो बघायला गेले होते ते हाफटाइमला मोबाइल बघत होते.

तिकीट ऑनलाइन. कुठल्या अ‍ॅपवर ते सीझनगणिक बदलू शकतं, म्हणून क्लबच्या पेजवर जी लिंक येते तीच धरा, कोणाच्या ओळखीचा कोणी देतो म्हणाला तर नको. साध्या मॅचला स्वस्तातलं तिकीट काही शे रुपयांत मिळून जातं, त्यामुळे ब्लॅकवाल्याच्या नादी लागायची गरजच नाही. मुलाला तिकीट लागतं का ही अट तिकीट काढताना नीट वाचा, अकरा वर्षांच्या मुलाचं मी तर काढूनच टाकतो, गेटवर हुज्जत नको. तिकीट मोबाइलवर असेल तर घरी वायफायवर असतानाच उघडून ठेवा, कारण हजारो लोक एका जागी आले की नेटवर्क बसतं आणि गेटसमोर गोल गोल फिरणारं चाक बघत तुम्ही उभे. चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर असतील तर तो माणूस सगळ्यात शेवटी आत जाईल, पुढे पळणार नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बाप आत आणि बाकीचे बाहेर हे मी नेहमी बघतो.

बसायचं कुठे, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. फातोर्ड्याचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम 1989 चं, 2014 च्या जानेवारीत लुसोफोनिया गेम्स झाल्या तेव्हा त्याची मोठी डागडुजी झाली, 2017 चा मुलांचा आणि 2022 चा मुलींचा अंडर-17 वर्ल्डकप, दोन्हीच्या मॅच इथे झाल्या. बसायची सोय 19 हजारांच्या आसपास. म्हणजे कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमसारखं अवाढव्य नाही, जिथे बसाल तिथून खेळाडूचा चेहरा नाही तरी चाल ओळखू येते.

टीव्हीवर मॅच बघणाऱ्याला वाटतं की जितकं पुढे, जितकं खाली, तितकं चांगलं. नाही. अगदी खालच्या रांगेत तुम्हाला फक्त जवळचा विंगर (कडेने पळणारा खेळाडू) नीट दिसतो, पलीकडे सगळं चपटं, कोण पुढे कोण मागे कळत नाही. मधल्या रेषेच्या समोर, थोडं वर, ही शिकणाऱ्या पोरासाठी सगळ्यात भारी जागा. वरून टीमचा आकार दिसतो, डिफेन्सच्या चौघांची लाइन कशी एकत्र वर-खाली होते, मिडफिल्डर दोघांच्या मधे कसा घुटमळतो, बॉल दुसऱ्या बाजूला असताना इकडचा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) किती आत येतो. टीव्ही हे दाखवत नाही, टीव्ही बॉलच्या मागे धावतो. मी माझ्या पोरांना सांगतो, पहिली दहा मिनिटं बॉल बघूच नका, एक खेळाडू धरा, तुमच्याच जागेवर खेळणारा, आणि बॉल त्याच्याकडे नसताना तो काय करतो तेवढंच बघा. पहिल्यांदा कंटाळतात, मग लागते चटक. तुमच्या मुलाला विचारा तो कुठे खेळतो, आणि तिकीट त्या बाजूचं घ्या. लेफ्टबॅक (डाव्या कडेचा डिफेंडर) असेल तर हाफटाइमला टीम बाजू बदलतात हे लक्षात ठेवा, पहिल्या हाफमध्ये जो लांब होता तो दुसऱ्या हाफमध्ये तुमच्यासमोर येतो.

मॅच पाचची असेल तर ऊन बघून स्टँड घ्या. फुटबॉलची मैदानं साधारण उत्तर-दक्षिण आखलेली असतात, म्हणजे गोलकीपरच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही, पण ईस्ट स्टँडवाल्यांच्या तोंडावर मावळतीचं ऊन थेट येतं. नोव्हेंबरात सहापर्यंत कपाळाला हात लावून बसावं लागतं, छपराचा तिरक्या उन्हाला उपयोग नसतो. टोपी ठेवा. वेस्टला ऊन पाठीमागे पण तिकडे महागातली आणि व्हीआयपीची जागा जास्त. साडेसातच्या मॅचला हा प्रश्नच नाही.

ईस्टच्या खालच्या बाजूला ईस्ट लोअर आर्मी बसते, बसते कसली, उभी राहते. एफसी गोवाचे कट्टर सपोर्टर, ढोल, झेंडे, 90 मिनिटं गाणी. तुमच्या मुलाला तिथे जावंसं वाटणारच. पण सासूबाईंना घेऊन तिथे नको, पुढचा माणूस उभा राहिला की मागच्याला काही दिसत नाही आणि त्याला बसा म्हणणं तिथे चालत नाही, ती जागाच उभं राहण्याची. आवाज ऐकू येईल इतकं जवळ आणि ढोल कानात न शिरेल इतकं लांब, असं बाजूचं तिकीट घ्या. बाकी एफसी गोवाचा रंग नारिंगी, टोपणनाव गौर, म्हणजे आपला गवा, तोच गोव्याचा राज्यप्राणी. निदान समोरच्या टीमच्या रंगाचा शर्ट घालून होम स्टँडमध्ये बसू नका, कोणी मारत नाही हो, पण पोराला चिडवतात.

सासूबाईंसाठी जिन्याजवळची, कडेची खुर्ची बघा. खुर्चीचा नंबर तिकिटावर नसेल तर लवकर जाऊन धरावी लागते. बाथरूमला हाफटाइमच्या शिट्टीबरोबर सगळे एकदम धावतात, त्या 15 मिनिटांतली दहा रांगेत जातात, म्हणून त्यांना 40 व्या मिनिटालाच घेऊन जा. पायांना त्रास असेल तर वरच्या टियरचं तिकीट घेऊच नका, जिने बरेच आहेत.

गेटवर काय काय काढून घेतात ते सांगतो: पाण्याची बाटली, घरचा डबा, लायटर-सिगरेट-तंबाखू, हेल्मेट, छत्री, पॉवर बँक, सेल्फी स्टिक, मोठी बॅग, झेंड्याची काठी. दरवेळी यादी थोडी बदलते, तिकिटाबरोबर येते ती वाचा. काढून घेतलेली वस्तू परत मिळेल असं धरू नका, नकोच नेऊ. ट्रेनने येणाऱ्यांनी बॅगा आधी खोलीवर टाकाव्यात, बॅगा घेऊन स्टेशनवरून सरळ गेटवर जाणाऱ्यांची फार पंचाईत होते. म्हातारीची औषधं मात्र चिठ्ठीसकट छोट्या पाकिटात ठेवा आणि पोलिसांना आपणहून दाखवा, ती नेऊ देतात. पाणी, वडा-समोसा असलं काहीतरी आत मिळतं, महाग आणि थंडगार, म्हणजे समोसा थंड. म्हणून सहाच्या आधी बाहेर नीट खाऊन घ्या. मडगावात संध्याकाळी रस ऑम्लेटचे गाडे लागतात, मुलासाठी ते, सासूबाई शाकाहारी असतील तर भाजीपाव आणि मिरचीभजी कुठल्याही साध्या हॉटेलात.

एकदा आत गेलात की बाहेर येऊन परत जाता येत नाही. म्हणून गाडीत काही राहिलंय का ते गेटच्या अलीकडे विचारा. तिकिटावर गेट लिहिलेलं असतं, चुकीच्या गेटवर गेलात तर बाहेरून अख्खा वळसा. खुणेला रवींद्र भवन धरा, नाटकांसाठी आपल्यातले बरेच तिथे गेलेले असतात, स्टेडियम त्याच्या जवळच. कदंबचं बसस्टँडपण चालत जाण्याच्या अंतरावर आहे, रेल्वे स्टेशन मात्र लांब, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी लागते. गोव्यात ओला-उबर नाही, गोवा माइल्स म्हणून अ‍ॅप आहे, एकटा माणूस असेल तर पायलट म्हणजे मोटरसायकलवाला. मॅच सुटल्यावर हे सगळे एकदम गायब होतात किंवा भाव दुप्पट सांगतात, म्हणून खोली घेताना फातोर्डा-मडगावच्या मधेच घ्या, चालत जाता येईल अशी. कोलव्याला समुद्राजवळ खोली स्वस्त दिसली म्हणून घेणारे रात्री दहाला रस्त्यावर उभे असतात. मडगावला मुक्काम आहे तो मॅचसाठी, समुद्र आपल्याला घरी कमी आहे का?

आत किती वाजता शिरायचं? किकऑफच्या दीड तास आधी गेटवर असा. एवढं लवकर कशाला म्हणाल, तर वॉर्मअपसाठी. मॅचच्या पाऊण तास आधी पहिले गोलकीपर येतात, मग बाकीची टीम. गोलकीपरचा कोच किती जवळून आणि किती जोरात बॉल मारतो, चौकोनात उभं राहून एका टचमध्ये पासिंग कसं चालतं, फिनिशिंगला बॉल कुठून कट करतात, हे पोराने कठड्याजवळ उभं राहून बघितलं ना तर माझ्या महिनाभराच्या प्रॅक्टिसएवढं शिकून येतं. टीव्हीवर हे कधी दिसत नाही. मॅच गेली कंटाळवाणी तरी वॉर्मअप वसूल असतो.

मॅचमध्ये रिप्ले नाही, कॉमेंट्री नाही, पहिल्यांदा जाणारा थोडा गडबडतो, गोल कोणी मारला तेच कळत नाही. हळूच कानात मोबाइलची कॉमेंट्री लावतात काही जण, पण ती उशिरा येते, तुमच्यासमोर गोल होऊन जातो आणि कानातला अजून कॉर्नरच सांगत असतो. त्यापेक्षा ऑफसाइड (पास येताना पुढचा खेळाडू डिफेन्सच्या पलीकडे निघून गेला होता का ते) समजून घ्यायची असेल तर लाइन्समनकडे नजर ठेवा. दोन्ही बाजूंना एकेक असतो आणि प्रत्येकाकडे अर्धं मैदान, तो डिफेन्सच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या रेषेत सरकत राहतो. त्याच्या हलण्यावरून डिफेन्सची लाइन कळते. मुलाला हे एकदा दाखवा, पुढे तोच तुम्हाला समजावून सांगेल.

एवढा खर्च, मुक्काम, सुट्टी जमणारच नसेल तर दुसरी वाट आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हापशाला डुलेर स्टेडियम आहे, सावंतवाडीहून फातोर्ड्याच्या निम्म्याहून कमी अंतर, तिथे गोवा प्रो लीगच्या मॅच होतात. बहुतेक दुपारच्या, म्हणजे रात्रीच्या जेवणाला घरी. धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग ह्या क्लबांची नावं आपल्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होती, धेंपोने तर देशाची लीग पाच वेळा जिंकली, आयएसएल येण्याआधी भारतातला फुटबॉल म्हणजे कोलकाता आणि गोवा एवढाच होता म्हटलं तरी चालेल. प्रो लीगला गर्दी बेताची, कोचचं ओरडणं शब्दन् शब्द ऐकू येतं, शिव्यांसकट. ज्या पोराला गर्दीची सवय नाही त्याला मी आधी डुलेरला नेतो.

आणि हे वाचणारे रत्नागिरी, चिपळूणच्या वरचे असतील त्यांनी मुंबईचा विचार करावा. मुंबई सिटी एफसी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातल्या मुंबई फुटबॉल अरेनात खेळते, छोटं मैदान, सात हजारांच्या आसपास, त्यामुळे तिकीट लवकर संपतं पण कुठूनही जवळ दिसतं. मेट्रोने आझाद नगरला उतरलात की चालत. रात्री लोकल असतात, नातेवाईक असतात, मुक्कामाचा प्रश्न आपोआप सुटतो. रायगडवाल्यांना तर तेच सोयीचं.

ताई, तुमच्यासाठी मी असं करीन. जानेवारीतला शनिवार, समोरची टीम मधली, सकाळच्या कोकणकन्येने मडगाव, खोलीवर बॅगा टाकून जेवण, दुपारी सासूबाईंना झोप, सव्वापाचला खाणं, सहाला गेट, मधल्या रेषेजवळचं स्टँड, रात्री चालत खोलीवर, रविवारी सकाळी मांडवीने दुपारपर्यंत कुडाळ. देवदर्शन हवंच असेल तर शुक्रवारी गाडीने निघून एक दिवस वाढवा. मुलाला जर्सी घ्यायची असेल तर आधी क्लबच्या दुकानात किंवा ऑनलाइन घ्या, स्टेडियमबाहेर फूटपाथवरची एका धुण्यात नारिंगीची गुलाबी होते. साइझ एक नंबर मोठा घ्या, ह्या वयातली पोरं एका पावसाळ्यात वीतभर वाढतात.